कसेल त्याची जमीन, की ठोकेल त्याचा तंबू?



गेल्या महिन्यात हॅम्बर्गमधल्या आपल्या बऱ्याच घरांत एक माहितीपत्रक येऊन पोहोचले. दिसायला फार देखणे आहे. मुखपृष्ठावर पांढरेशुभ्र कापडी घुमट, मागे धुक्यातला डोंगर, पुढे जलाशयाचे निळे पाणी. मुळशी तालुक्यात, धरणाच्या काठाशी अठरा एकर जागेवर असे चोवीस घुमट उभारायचे आहेत. ज्यांच्यापर्यंत हे पत्रक आले नाही त्यांच्यासाठी सांगते: या प्रकाराला 'ग्लॅम्पिंग' म्हणतात. म्हणायला तंबू, पण आत दुहेरी पलंग, वातानुकूलन, दगडी न्हाणीघर आणि प्रत्येक तंबूपुढे डुंबायला स्वतंत्र हौद. वीज सूर्याची, भाजी सेंद्रिय, दात घासायचा ब्रश बांबूचा. युरोपातल्या मराठी कुटुंबांनी हिस्से घ्यायचे, वर्षातले पंधरा दिवस मुलाबाळांसह तिथे राहायचे, आणि उरलेल्या दिवसांच्या भाड्यातून परतावा मिळवायचा. टोकन पाच हजार युरो.

माझा या योजनेला विरोध आहे. योजना मांडणारी माणसे लबाड आहेत असे मुळीच नाही. त्यांतल्या काहींबरोबर मी २०१३ साली डॉ. दाभोलकरांच्या हत्येच्या निषेधसभेला उभी होते. ही आपली माणसे आहेत, आपलीच भाषा बोलतात, आणि म्हणूनच हा विषय चहाच्या टेबलावर मिटवण्यासारखा नाही. एखाद्या बिल्डरने हेच केले असते तर आपण सगळ्यांनी मिळून त्याच्याविरुद्ध निवेदन काढले असते.

पत्रक मी दोनदा वाचले. त्यात 'पर्यावरणपूरक' हा शब्द इतक्या वेळा आहे की मोजणे सोडून दिले. पण तो शब्द प्रत्येक वेळी तंबूला लावला आहे: तंबूचे कापड, तंबूवरचे सोलर पॅनेल, तंबूतला साबण. जमिनीबद्दल मात्र एकच वाक्य आहे. ती 'पडीक' आहे म्हणे, म्हणजे कोणाचे काही बिघडत नाही.

माझे सगळे भांडण त्या एका शब्दाशी आहे.

मावळ-मुळशी भागात भातखाचरे असतात ती खाली, सपाटीला. वरच्या उताराच्या जमिनीला तिथे वरकस म्हणतात. वरकस जमीन दरवर्षी पेरत नाहीत. दोन-तीन वर्षे नाचणी, वरई घ्यायची, मग जमिनीला काही वर्षे विश्रांती द्यायची. त्या विश्रांतीच्या वर्षांत तिथे गवत येते, ते गुरांना जाते. झाडांचे शेंडे, पाला, गवत खाली खाचरात नेऊन पसरतात आणि मे महिन्यात जाळतात. त्याला राब म्हणतात, आणि त्यावर भाताचे रोप तयार होते. शिवाय गवळी-धनगरांची गुरे तिथूनच फिरतात, आणि कातकऱ्यांना पावसाळ्यातल्या रानभाज्या, कंद, मध तिथूनच मिळतात. आता ही जमीन डिसेंबरमध्ये मोटारीतून उतरून पाहिली तर काय दिसेल? वाळलेले गवत, चार खुरटी झाडे, माणूस नाही काणूस नाही. ही जमीन कोणीच वापरत नाही, असा निष्कर्ष काढून आपण परत गाडीत बसतो. ती पाच प्रकारचे लोक वापरत असतात, फक्त त्यांतल्या एकाचेही त्या दिवशी आपल्याशी काम नसते.

हे समजायला कठीण वाटत असेल तर आपल्या दाराशीच उदाहरण आहे. दर ऑगस्टमध्ये आपण सगळे ल्युनेबर्ग हाइडेला जातो. जांभळ्या फुलांचा माळ, घोडागाड्या, विल्झेडेच्या टेकडीवर डबे उघडून थालीपीठ. तो माळ जुन्या प्रवाशांनीही ओसाड म्हणून हिणवला होता. प्रत्यक्षात तो शेतकऱ्यांनी शेकडो वर्षे वापरून घडवलेला माळ आहे. मेंढ्या तिथे चरत. मुळ्यांसकट मातीचे थर कापून गोठ्यात अंथरत, आणि शेणामुताने भिजलेला तोच थर पुढे शेतात खत म्हणून जाई. मधमाश्यांच्या टोपल्या तिथेच ठेवत. आजही मेंढ्या चारणे थांबवले तर काही वर्षांत झाडोरा वाढेल आणि आपली जांभळी सहल संपेल. त्या माळाला कोणी आज 'पडीक' म्हणाले तर आपणच त्याला सुधारू, माहितीफलक दाखवू. मुळशीच्या उतारावर फलक नाही, एवढाच फरक.

आणि ही योजना मुळशीत व्हावी, यात इतिहासाचा एक कडवट विनोद आहे. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, याच खोऱ्यात मुळशी सत्याग्रह सुरू झाला. मुळा आणि निळा नद्यांच्या संगमावर टाटांच्या वीज कंपनीचे धरण होत होते, वीज मुंबईला जायची होती आणि सुमारे पन्नास गावे पाण्याखाली जायची होती. 'जान किंवा जमीन' ही घोषणा तिथली. पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' ही पदवी तिथेच मिळाली. आपल्या मंडळींना हे सगळे तोंडपाठ असते, भाषणांत येते. पण राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा जो अभ्यास केला, त्यातला अडचणीचा भाग भाषणांत येत नाही. त्या खोऱ्यातली बरीच जमीन पुण्यातल्या सावकारांच्या ताब्यात होती. लढ्यात सुरुवातीला तेही होते. चांगली नुकसानभरपाई मिळण्याची चिन्हे दिसल्यावर त्यांचा उत्साह ओसरला, आणि जमीन कसणारे मावळे उघडे पडले. १९२४पर्यंत लढा संपला. धरण झाले, पाणी घाटाखाली भिऱ्याला वळवले गेले. (त्याच सोडलेल्या पाण्यावर आज कोलाडला राफ्टिंग चालते. ज्यांनी केले असेल त्यांना ते पाणी कुठून येते हे कोणी सांगितले नसणार.)

ज्यांची खाचरे बुडाली त्यांतले जे मागे राहिले ते वर सरकले, उतारावर. म्हणजे आज आपल्या पत्रकात ज्याला 'जलाशयाचा नयनरम्य काठ' म्हटले आहे तो काठ शंभर वर्षांपूर्वी काठ नव्हता, डोंगराचा मधला भाग होता. एकदा विजेसाठी खालची जमीन गेली. आता दृश्यासाठी वरची जावी, अशी ही योजना आहे. या खेपेला पुण्याचा सावकार हॅम्बर्गला राहतो.

शब्द कठोर झाला, पण कायद्याकडे पाहिले की तो मागे घ्यावासा वाटत नाही. महाराष्ट्रात कूळवहिवाट व शेतजमीन कायदा १९४८चा. त्याच्या ६३व्या कलमानुसार जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. त्याउपर आपण अनिवासी. फेमा कायद्याखालच्या नियमांप्रमाणे अनिवासी भारतीयाला किंवा ओसीआय कार्डवाल्याला भारतात घर घेता येते, पण शेतजमीन, मळा किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही. वारशाने आलेली जमीन ठेवता येते, ते वेगळे. हे सगळे पत्रक लिहिणाऱ्यांना ठाऊक आहे, कारण आठव्या पानावर त्यावर 'उपाय' दिला आहे. जमीन एका हिस्सेदाराच्या गावाकडच्या चुलतभावाच्या नावाने घ्यायची, कारण त्याचे नाव सातबारावर आहे. पैसे आपले, करारनामा वेगळा, कंपनी वेगळी. एका काकांनी मला फोनवर समजावले, "अगं, सगळेच असे करतात." करतात खरे. २००७च्या सुमारास एका फार मोठ्या अभिनेत्याच्या पवना खोऱ्यातल्या जमिनीवरून 'हे शेतकरी कधी झाले?' हा प्रश्न गाजला होता, तेव्हा आपण केवढे हसलो होतो. पैसा एकाचा आणि नाव दुसऱ्याचे, अशा व्यवहारांसाठी बेनामी कायदा १९८८पासून आहे आणि २०१६मध्ये तो बराच कडक झाला आहे. ज्या चुलतभावाच्या नावावर हे सगळे होणार, उद्या नोटीस आली तर ती त्याच्या ओटीवर येईल. आल्टोनाच्या फ्लॅटवर येणार नाही.

पण मला कायदेशीरपणापेक्षा दुसरीच गोष्ट खुपते. कूळकायदा आकाशातून पडलेला नाही. 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा ज्या चळवळींनी दिली त्यांचे आपण स्वतःला वारस म्हणवतो. ६३वे कलम गैरसोयीचे आहे, जुनाट आहे, त्यात सुधारणा हवी, असे कोणाला वाटत असेल तर त्याने तसे उघड मांडावे. मी वाद घालीन, पण ऐकून घेईन. जयंतीला कूळकायद्याचे पोवाडे आणि आठव्या पानावर त्याला बगल, हे मात्र चालणार नाही.

आता तंबूचे पाहू. तंबूच का, घरे का नाहीत? पत्रक प्रामाणिक आहे, ते कारण सांगते: तंबू हे कायमचे बांधकाम नव्हे, त्यामुळे बिगरशेती परवान्याची कटकट टळेल. म्हणजे हे कापड पर्यावरणासाठी निवडलेले नाही, तहसील कचेरीसाठी निवडलेले आहे. आणि कापड फक्त वर आहे. खाली काय आहे ते आराखड्यात पाहा. प्रत्येक घुमटाखाली काँक्रीटचा चौथरा. सेप्टिक टाक्या. डिझेलचा जनरेटर, कारण पावसाळ्यात मुळशीत सूर्य दिसत नाही. आणि चोवीस चौथऱ्यांपर्यंत मोटार जावी म्हणून उतार कापून केलेला रस्ता. सह्याद्रीच्या पावसाळी उतारावर जेसीबी लावणे म्हणजे काय, हे आपल्याला माहीत नाही असे नाही. ३० जुलै २०१४ला आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव गाडले गेले, दीडशे माणसे गेली. १९ जुलै २०२३च्या रात्री रायगडातली इर्शाळवाडी गेली. या दुर्घटनांची कारणे एकेरी नसतात, आणि त्यांवर तज्ज्ञांचे एकमत होत नाही. पण माळीणनंतर एक गोष्ट घडली ती विसरण्यासारखी नाही: आदिवासींनी भातासाठी पाडलेल्या पायऱ्यांवर, पडकईवर, लगेच बोट ठेवले गेले. ज्यांच्या दोन वेळच्या भातासाठी उतार कापला त्यांची चौकशी झाली. आपण हौदासाठी कापू तेव्हा त्याला 'लँडस्केपिंग' म्हणतील.

तंबूला परवाना लागत नाही या समजुतीतून केरळात काय झाले तेही पाहावे. जानेवारी २०२१मध्ये वायनाडमधल्या मेप्पाडीजवळच्या एका रिसॉर्टच्या तंबूत उतरलेली तरुणी हत्तीच्या हल्ल्यात मरण पावली, आणि मग चौकशीत निघाले की तंबूंना परवानगीच नव्हती. जंगलाच्या कडेला भिंत नसलेली खोली बांधली की पाहुण्याला रोमांच वाटतो. त्या रोमांचाची माहिती जनावराला नसते.

हौदाचा हिशेब मी केला, कारण हिशेब करणे हा माझा धंदा आहे. पत्रकात माप दिले आहे: तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद, एक मीटर वीस सेंटिमीटर खोल. म्हणजे एका हौदात ७,२०० लिटर पाणी. चोवीस हौद एकदा भरायला १,७२,८०० लिटर. केंद्र सरकारच्या जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसासाठी रोजचे ५५ लिटर धरले आहेत. शंभर माणसांच्या वाडीला तेवढे पाणी एकतीस दिवस पुरेल. हे फक्त एकदा भरण्याचे झाले. बाष्पीभवन, पाणी बदलणे, चादरी धुणे, शॉवर, हिरवळ, काहीच धरलेले नाही. कोणी म्हणेल, मुळशीत पाण्याला काय तोटा? शेजारच्या ताम्हिणीत वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्या हॅम्बर्गच्या सहापट. खरे आहे. पण तो चार महिन्यांत पडतो, आणि खालचा कातळ बेसॉल्टचा, तो पाणी फारसे धरून ठेवत नाही. धरणातले पाणी काठावरच्या वाडीचे नाही. म्हणून त्याच भागातल्या वरच्या वाड्यांत एप्रिल-मेमध्ये बायका झऱ्यावर रांग लावतात. आपल्या तंबूंचा हंगाम कोणता? नोव्हेंबर ते मे. पत्रकात 'स्वतःची बोअरवेल' हे वैशिष्ट्य म्हणून दिले आहे. जमिनीखालच्या पाण्याला कुंपण घालता येत नाही, ते शेजारच्या झऱ्यातूनच येते.

विमानाचे मी दोन ओळींत आटोपते, कारण तिथे आपण सगळेच सारखे आहोत. हॅम्बर्ग ते मुंबई जाऊन-येऊन एका माणसामागे, मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे, दीड ते अडीच टन कार्बन डायऑक्साइड. आईवडिलांना भेटायला आपण जाणारच, मीही जाते. पण चौघांच्या कुटुंबाने पंधरा दिवस 'कार्बन-न्यूट्रल' राहण्यासाठी आठ टन जाळून जावे, हे वाक्य पत्रकात छापताना कोणाला हसू कसे आले नाही?

आता हॅम्बर्गमधली एक गोष्ट. आपल्यापैकी निदान सहा-सात कुटुंबांकडे क्लाइनगार्टन आहे, म्हणजे शहरातली भाड्याची छोटी बाग. माझ्याकडेही आहे. या शहरात अशा बागा तीस हजारांहून अधिक आहेत. त्यांचा कायदा १९८३चा. बाग साधारण चारशे चौरस मीटरपेक्षा मोठी असू नये. आतली खोपटी, ओसरी धरून, चोवीस चौरस मीटरच्या आत हवी, आणि ती कायम राहण्याजोगी असता कामा नये. २००४ साली इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सांगितले की निदान एक-तृतीयांश जागेत फळे-भाजीपाला असलाच पाहिजे. म्हणजे नुसती हिरवळ लावून खुर्ची टाकून बसता येत नाही, कसावे लागते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भाडे. ते बाजारभावाने ठरत नाही. त्या भागात फळे-भाजीची शेती करणारा जे भाडे देईल त्याच्या फार तर चौपट. शहराच्या मध्यावर, जिथे चौरस मीटरला हजारो युरो मोजतात तिथे, जमीन पिकवणाऱ्याच्या ऐपतीने मोजली जाते. १९४३च्या बॉम्बहल्ल्यांनंतर बेघर झालेले हॅम्बर्गकर याच खोपट्यांत वर्षानुवर्षे राहिले. या बागा कोणासाठी आहेत, हे या शहराला अनुभवाने कळलेले आहे.

आणि आपण हे नियम किती निमूट पाळतो! योजनेच्या मुख्य प्रवर्तकांची बाग माझ्या बागेपासून दूर नाही. खोपटीची ओसरी एकवीस सेंटिमीटर पुढे आली म्हणून त्यांनी ती स्वतः करवतीने कापली. बागेच्या संस्थेचे अध्यक्ष टेप घेऊन आले तेव्हा त्यांनी त्यांना कॉफी पाजली. शहराबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर तर इथे बांधायचा विचारही आपण करत नाही. जर्मन बांधकाम कायद्याचे ३५वे कलम सांगते की वस्तीबाहेरची जमीन मुख्यतः शेतीसाठी आणि मोजक्या गरजांसाठी आहे. तिथे आलिशान तंबूंचे गाव वसवायचे तर आधी पालिकेचा आराखडा बदलावा लागतो, तो लोकांपुढे ठेवावा लागतो, हरकती ऐकाव्या लागतात. हाच माणूस मुंबईच्या विमानतळावर उतरला की त्याला नियम म्हणजे 'कटकट' वाटू लागते. इथे आपण भाडेकरू असतो. तिथे पोहोचेपर्यंत वतनदार झालेलो असतो.

जर्मनी म्हणजे स्वर्ग, असे मी म्हणत नाही. एल्बेच्या पलीकडे आल्टेनवेर्डर नावाचे गाव होते. बंदर वाढवायचे म्हणून १९७०च्या दशकात ते उठवायला घेतले, शेवटची माणसे १९९८मध्ये गेली, आणि २००२ साली तिथे कंटेनर टर्मिनल सुरू झाले. आज महामार्ग आणि कंटेनरच्या मध्ये एकटे चर्च उभे आहे. सत्ता आणि पैसा इथेही गावे खातात. पण ते भांडण पंचवीस वर्षे उघड्यावर चालले, विधानसभेत, न्यायालयात, वर्तमानपत्रांत. गावाला निदान शत्रूचे नाव माहीत होते. मुळशीतल्या वाडीला ते माहीत नसेल. तिला फक्त चुलतभाऊ दिसेल.

मला आलेल्या उत्तरांत दोन मुद्दे पुन्हापुन्हा आहेत. पहिला रोजगाराचा. तीस स्थानिकांना नोकऱ्या मिळतील. कसल्या? रखवालदार, माळी, चादरी बदलणाऱ्या बायका. ज्याच्या बापाच्या नावावर तो उतार होता तो गणवेश घालून फाटक उघडेल, आणि हंगाम नसेल तेव्हा तेही नाही. नोकरीला मी कमी लेखत नाही. पण नोकरी जमिनीच्या बदल्यात मिळत असेल तर ती नोकरी नव्हे, हप्त्याहप्त्याने दिलेली किंमत आहे, आणि हप्ते थांबवायचा अधिकार आपल्याकडे. 'शेतकरी स्वखुशीने विकतोय' हेही ऐकले. लग्न, दवाखाना, मुलाची फी आणि कर्ज, यांच्यासाठी विकणारा माणूस किती खुशीत असतो, हे आपल्यापैकी ज्यांच्या आजोबांनी जमीन विकली त्यांनी आपल्या आजीला विचारावे.

दुसरा मुद्दा अधिक हुशार आहे: आपण घेतली नाही तर कोणी बिल्डर घेईल, मग आपण बरे नाही का? हा युक्तिवाद मी लवासाच्या वेळीही ऐकला. १९९६ साली राज्याने नव्या गिरिस्थानांसाठी खास नियम केले. त्यातून मोसे नदीच्या खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या काठी लवासा उभे राहिले. तेही नियोजनबद्ध, निसर्गस्नेही म्हणूनच विकले गेले. आपल्यातल्या काहींनी तिथे घरे घेतली, आणि ती घेताना हेच म्हणाले: निदान हे लोक व्यवस्थित करतात. नोव्हेंबर २०१०मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवायला लावले, वर्षभराने अटींवर परवानगी दिली, आणि २०१८मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कंपनी बुडाली तरी कातकऱ्यांची आणि धनगरांची वाट परत खुली झाली नाही. माधव गाडगीळ समितीने २०११च्या अहवालात पश्चिम घाटात नवे गिरिस्थान नको असे स्पष्ट म्हटले, आणि काय हवे ते ग्रामसभांना विचारा असेही म्हटले. तो अहवाल बाजूला पडला, २०१३मध्ये कस्तुरीरंगन समितीचा सौम्य अहवाल आला, आणि २०१४पासून केंद्र अधिसूचनेचे मसुदेच काढत राहिले. सहावा मसुदा जुलै २०२४चा. गाडगीळांच्या बाजूने आपण सह्या गोळा केल्या होत्या. चोवीस तंबूंचे गिरिस्थान त्यात बसते का, एवढे प्रवर्तकांनी सांगावे.

बिल्डरपेक्षा आपण बरे असू तर त्याचा एकच पुरावा असतो: आपण कोणत्या गोष्टीला नाही म्हणतो.

मग काहीच करू नये का? करण्यासारखे आहे, फक्त त्यात आपले नाव दारावर लागत नाही. बारामतीजवळ पांडुरंग तावरे यांनी २०००च्या दशकात कृषी पर्यटनाची सुरुवात केली. त्यात पाहुणा शेतकऱ्याच्या घरी जातो, पिठलंभाकरी खातो, शेत पाहतो, पैसे शेतकऱ्याला देतो, आणि जमीन जिथल्या तिथे राहते. २०२०मध्ये राज्याने कृषी पर्यटनाचे धोरणही आणले. मुळशीत असे करू इच्छिणारे कोणी असतील तर त्यांना संडास-न्हाणीघर बांधायला, झऱ्याभोवती चर खणायला आपण बिनव्याजी पैसे द्यावेत, आणि ते फेडतील तसे पुढच्याला द्यावेत. पाच हजार युरोंत बरेच होते. आपल्या मुलांना खाट कडक लागेल, रात्री डास चावतील, आणि ज्यांच्याकडे उतरलो ते आपल्याला 'साहेब' म्हणणार नाहीत अशी आशा आहे. काहींना यात 'लक्झरी' कुठे आहे असा प्रश्न पडेल. तो त्यांनी खुशाल विचारावा, पण मग 'मुलांना मातीशी जोडायचे आहे' हे वाक्य पत्रकातून काढावे.

ज्यांनी टोकन दिले आहे त्यांना माझी विनंती आहे की पुढचा हप्ता देण्याआधी प्रवर्तकांकडे तीन कागद मागा. त्या गटांचे गेल्या तीस वर्षांचे सातबारे आणि फेरफार, म्हणजे जमीन कोणाकडून, कधी, कशी फिरत आली ते दिसेल. करारनामा मराठीत वाचून दाखवून झालेल्या ग्रामसभेचा ठराव, हजेरीसकट, आणि त्या हजेरीत कातकरी वाडीची आणि बायकांची नावे आहेत का ते पाहा. आणि बोअरवेलपासून सर्वांत जवळचा झरा किती अंतरावर आहे, मेमध्ये त्याला पाणी किती असते, याची नोंद. मी हे तिन्ही मागितले. पहिल्याबद्दल 'वकिलांकडे आहे' असे उत्तर आले, दुसऱ्याबद्दल 'गरज नाही', आणि तिसऱ्याबद्दल अजून काहीच नाही.

टोकन परत मागण्याची मुदत या महिन्याच्या तीस तारखेपर्यंत आहे. पत्रकाच्या शेवटच्या पानावर, खाली बारीक अक्षरांत दिले आहे.